बिनतिकिटाचे पाकीट



पत्राला तिकीट न लावता ते पेटीत टाकणे हा आपल्याकडे एके काळी मोठाच असभ्यपणा समजला जाई. असे पत्र ‘नॉटपेड’ होऊन दारात येई, पोस्टमन दुप्पट पैसे मागे, आणि घरातील वडील माणूस ते पैसे मोजता मोजता पत्र लिहिणाराचा यथास्थित उद्धार करी. आज मी ज्या पाकिटाविषयी बोलणार आहे ते मात्र तिकीट न लावताच टाकायचे असते. ते पाकीट टपाली मतपत्रिकेचे.

माझी आणि या पाकिटाची ओळख २०१२ सालच्या डिसेंबरात झाली. गुजरात विधानसभेची निवडणूक होती. मी तेव्हा बडोद्यातील एका शाळेत शिक्षक होतो, आणि निवडणुका आल्या म्हणजे शिक्षकाच्या वाट्याला जे काम येते ते माझ्याही वाट्याला आले. माझे नाव शहरातील यादीत, आणि नेमणूक डभोईकडील एका खेड्यातील मतदान केंद्रावर. दुसऱ्यांची मते नोंदवून घ्यायची आणि आपले मत मात्र बुडवायचे, हे बरे दिसेना. म्हणून रीतसर अर्ज करून टपाली मतपत्रिका मागवली. रात्रीची जेवणे झाल्यावर चष्मा पुसून बसलो आणि सूचनांचा कागद पोथीसारखा वाचू लागलो. मतपत्रिका लहान पाकिटात घालायची, त्यावर ‘अ’ अशी खूण. सहीचे आणि साक्षांकनाचे घोषणापत्र मात्र त्या पाकिटात घालायचे नाही. ते बाहेर ठेवायचे आणि लहान पाकिटासह मोठ्या ‘ब’ पाकिटात घालायचे. त्या पाकिटावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा पत्ता आधीच छापलेला. “अहो, एका मतासाठी एवढी पाकिटे?” असे घरातून विचारले गेले, त्याला मजजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी रावपुऱ्याच्या पोस्टात तिकिटांच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या तरुणाने पाकीट उलटसुलट पाहिले आणि हसून म्हणाला, “काका, आना पर टिकिट नथी लागती.” मी ओशाळलो. घरी येऊन सूचना पुन्हा वाचल्या, तर तिकीट लावण्याचे कारण नाही हे त्यांतच सांगितलेले होते. आयुष्यभर तिकीट लावल्यावाचून पत्र न टाकणाऱ्या माणसाच्या नजरेला ते वाक्य दिसलेच नव्हते!

हा पाच-दहा रुपयांचा प्रश्न आहे, त्याचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. रक्कम किरकोळ आहे खरी. परंतु तिच्यामागील तत्त्वाचा इतिहास किरकोळ नाही. १९३५ च्या कायद्याखाली या देशात मत देता येत असे ते मुख्यतः जमीनमहसूल, कर, मालमत्ता किंवा शिक्षण अशा काही ना काही पात्रतेवर. आपल्या राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने ती सगळी दारे एकदम उघडली आणि प्रौढ नागरिकाला पैशाची कसलीही अट न घालता मताचा अधिकार दिला. मतदान केंद्रावर जाणाऱ्याला तेथे एक पैही द्यावी लागत नाही. मग ज्याला सरकारी कामामुळेच तेथे जाता येत नाही, त्याच्या खिशाला चट्टा का बसावा? १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांखाली टपाली मतदानाची जी व्यवस्था चालते, तिच्यात परतीच्या पाकिटाचा टपालखर्च मतदाराकडून न घेता सरकारी खर्चात धरला जातो, तो यासाठी.

अमेरिकेत हाच वाद न्यायालयापर्यंत गेला. तेथे काही राज्यांत मतदारांवर डोईपट्टी असे. १९६४ च्या घटनादुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांतून ती गेली, आणि १९६६ साली व्हर्जिनियाच्या दीड डॉलरच्या पट्टीचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाल्यावर राज्यांच्या निवडणुकांतूनही गेली. तेव्हा मतपत्रिका परत पाठवायला लागणारे तिकीट ही डोईपट्टीच नव्हे काय, असा प्रश्न जॉर्जिया राज्यातील मतदारांच्या वतीने विचारण्यात आला. २०२१ साली तेथील अपील न्यायालयाने ‘नव्हे’ असे उत्तर दिले: तिकिटाचे पैसे टपालखात्याच्या सेवेचे, मताचे नव्हेत. वॉशिंग्टनसारख्या राज्याने मात्र न्यायालयाची वाट न पाहता परतीचे टपाल सरकारी खर्चाने सुरू केले. आपल्याकडे या गोष्टीसाठी कोणाला खटला भरावा लागला नाही, याचे मला समाधान वाटते.

बडोद्याच्या माणसाला तर ही कल्पना परकी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डेन यांना बोलावून ग्रंथालयांचे खाते उभारले आणि पाठोपाठ फिरती पुस्तकालये निघाली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या गावोगाव जात. आणि पेटीचे जाण्यायेण्याचे भाडे गावावर न टाकता संस्थान सोशी. पुस्तक फुकट आहे, भाडे मात्र तुमचे, असे सांगितले असते तर किती पेट्या गावी पोचल्या असत्या?

तिकिटाचा प्रश्न सुटला. पण तिकीट नसले तरी पाकिटाला प्रवास चुकत नाही, आणि त्या प्रवासाचे दिवस कोणतेही खाते भरून देऊ शकत नाही. माझ्या मते खरी अडचण येथे आहे.

आज हे पाकीट टपालाने पाठवणारा मुख्य मतदार म्हणजे सैनिक. निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांसाठी २०२३ साली नियम बदलला. त्यांनी आता सुविधा केंद्रातच मत नोंदवून तेथेच मतपत्रिका द्यावयाची असते. आमच्यासारखे पाकीट घेऊन पोस्टात जाण्याचे दिवस संपले. अतिवृद्ध मतदारांच्या घरी अधिकारी स्वतः जातात. त्यासाठीची वयोमर्यादा २०२४ पासून ८५ वर्षांची आहे. उरला तो सीमेवरचा, छावणीतला माणूस. आपल्या बडोद्यातच सैन्याची ई.एम.ई. संस्था आहे, हवाई दलाचे ठाणे आहे. तेथल्या जवानाचे नाव साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीच्या यादीत असू शकते, आणि बडोद्याच्या यादीतला मुलगा लडाखात असू शकतो.

पूर्वी मतपत्रिका टपालाने जाई आणि टपालाने येई. २०१६ साली नियम बदलून ती जाताना संगणकावरून पाठवण्याची सोय झाली. ती संकेतांक घालून उघडायची, छापायची, खूण करायची, पाकिटांत घालायची. म्हणजे जाण्याचा प्रवास क्षणाचा झाला. परतीचा मात्र जुनाच राहिला: पिशवी, मोटार, आगगाडी, पोस्टमन. आणि हे पाकीट मतमोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेआधी पोचले पाहिजे. एका मिनिटाने उशीर झाला तर अधिकारी त्यावर तारीख आणि वेळ लिहितो व न उघडता वेगळ्या गठ्ठ्यात ठेवतो.

यासाठी दिवस किती मिळतात? उमेदवारांनी अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय मतपत्रिका तयारच होत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गुजरातेत ती मुदत २२ एप्रिलला संपली आणि मोजणी ४ जूनला झाली. मध्ये ४३ दिवस. देशभर सात टप्प्यांत मतदान चालल्याचा हा आपल्याला मिळालेला लाभ. परंतु २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत बडोद्याच्या टप्प्यात ही मुदत २१ नोव्हेंबरला संपली आणि मोजणी ८ डिसेंबरला झाली. सतराच दिवस! हिवाळा, बर्फ, बंद पडणारे रस्ते, आणि सतरा दिवस.

माझा एक भाचा सैन्यात आहे. त्या वर्षी तो उत्तरेकडे फार उंचावरच्या ठाण्यात होता. मोजणीच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला, “मामा, माझं पाकीट पोचलं असेल का हो?” मी काय सांगणार! पोचल्याची एक वेळ चौकशी करता येईल. परंतु आत गेलेले मत मोजले गेले की बाद झाले, हे पाठवणाराला कळवण्याची रीत नाही.

बाद होण्याची कारणेही मताशी संबंध नसलेली असतात. टपाली मते प्रथम मोजणीला घेतात. मोठे पाकीट उघडल्यावर आधी घोषणापत्र पाहतात. ते नसेल, सही किंवा साक्षांकन नसेल, मतपत्रिकेचा क्रमांक जुळत नसेल, तर आतले लहान पाकीट उघडतच नाहीत. भोळेपणाने घोषणापत्र आतल्या पाकिटात घालणारा माणूस आपले मत आपल्याच हाताने बंद करून टाकतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सेनादलांतील व तत्सम मतदार १८ लाखांवर नोंदलेले होते. त्यांपैकी १० लाख ८४ हजारांवर मतपत्रिका परत आल्या. उरलेल्या सर्वांनी मत दिलेच होते असे नव्हे. पण प्रत्येकाने आळस केला असेही मी म्हणणार नाही.

एवढ्याशा मतांनी काय होते, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या धोळक्याकडे पाहावे. २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत तेथील निकाल ३२७ मतांनी लागला, आणि बाद ठरवलेल्या टपाली मतपत्रिका होत्या ४२९. मे २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. कोण बरोबर, हा आपला विषय नव्हे. जिंकण्या-हरण्यातील अंतरापेक्षा न मोजलेली पाकिटे अधिक होती, एवढे मात्र कोणालाच नाकारता आले नाही. आणि २०२४ साली वायव्य मुंबईत काय झाले? यंत्रांवरील मते मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवली तेव्हा रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. साडेनऊ लाखांच्या आसपास लोकांनी मतदान केले आणि निकाल फिरला तो पाकिटांतल्या मतांनी.

मला सुचणाऱ्या सुधारणा साध्या आहेत. मागे घेण्याची मुदत आणि मोजणी यांत विधानसभेच्या निवडणुकीतही निदान चार आठवडे असावेत. ‘तिकीट लावू नये’ आणि ‘घोषणापत्र बाहेर ठेवावे’ ही दोन वाक्ये पाकिटावरच ठळक अक्षरांत, मतदाराच्या भाषेत छापावीत. माझ्यासारखे लोक सूचना वाचतात, पण पाकीट पाहतात अधिक. आणि मत मोजले गेले किंवा अमुक दोषामुळे बाद झाले, एवढे एक कार्ड सैनिकाला जावे. मत कोणाला दिले हे त्यात येण्याचे कारणच नाही, तेव्हा गुप्ततेला बाध येत नाही. सरकार परतीचा खर्च करते. त्यात आणखी एका कार्डाचा खर्च जड जाऊ नये.

विधानसभेची पुढची निवडणूक २०२७ साली अपेक्षित आहे. भाच्याशी माझे ठरले आहे, की पाकीट टाकल्याबरोबर त्याने मला तारीख कळवायची. ती मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवीन आणि तेथून दिवस मोजायला लागेन.