सहज प्रवेश, परवडणारी फी: कॉलेज निवडताना काय बघायचं

सप्टेंबर आला की आपल्या बे एरियात गणपतीबरोबर आणखी एक विषय घरोघरी येतो. आरती झाली, प्रसाद हातात आला, की बारावीतल्या मुलांच्या आईबाबांना प्रश्न येतो, "मग, कुठे कुठे अप्लाय करतोय?" उत्तरात बर्कली किंवा यूसीएलए आलं तर समोरच्याची मान डोलते. सान होजे स्टेट किंवा मर्सेड आलं तर "हो का, छान" म्हणून विषय मोदकांवर जातो. शेजारी उभी असलेली मुलं हे सगळं ऐकत असतात, हे आपण विसरतो.

आज बोलायचं आहे ते अशाच कॉलेजांबद्दल. जी अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना घेतात आणि ज्यांची फी भरताना घर गहाण टाकावं लागत नाही.

आधी आपल्या डोक्यातलं एक गणित सोडवू. आपल्यापैकी अनेक जण बारावीच्या पीसीएम ग्रुपच्या मार्कांवर इंजिनिअरिंगला गेलो. तिथे कट-ऑफ जितका वर, तितकं कॉलेज चांगलं. कट-ऑफ खाली घसरला म्हणजे सीट रिकाम्या राहिल्या, म्हणजे काहीतरी गडबड. तोच चष्मा लावून आपण इथला अॅक्सेप्टन्स रेट वाचतो. पण हा आकडा नुसता भागाकार आहे. किती जणांनी अर्ज केले आणि किती जणांना घेतलं. यूसीएलएमध्ये तो सुमारे ९ टक्के आहे, कारण तिथे दरवर्षी लाखाच्या वर अर्ज येतात. मर्सेडमध्ये तो ९० टक्क्यांच्या आसपास असतो. मर्सेड २००५ मध्ये सुरू झालं, गाव लहान आहे, अर्ज कमी येतात. पण डिग्री यूसीचीच मिळते. वर्गात कॅल्क्युलस कसं शिकवतात, लॅबमध्ये काम मिळतं का, हे त्या भागाकारातून काहीच कळत नाही.

आणि एक सावधगिरी. हा आकडा सगळ्या कॉलेजचा मिळून असतो. सान होजे स्टेटचा एकूण प्रवेश बराच खुला आहे, पण कॉम्प्युटर सायन्सला तिथेही चुरस असते. तेव्हा "घेतातच सगळ्यांना" असं समजून त्याच एका मेजरवर भिस्त ठेवू नका. मेजरनिहाय आकडे शोधा, कॅम्पसच्या साइटवर सापडतात.

मग बघायचं काय? माझ्या मते पहिला आकडा म्हणजे चार वर्षांत किती मुलं डिग्री घेऊन बाहेर पडतात. कॉलेजं स्वतःहून जो ग्रॅज्युएशन रेट सांगतात, तो बहुतेक वेळा सहा वर्षांचा असतो. नीट वाचा. स्वस्त कॉलेजात हवे ते वर्ग मिळाले नाहीत आणि पाचवं वर्ष लागलं, तर त्या वर्षाची फी, घरभाडं आणि शिवाय एका वर्षाचा बुडालेला पगार, एवढं मिळून ते कॉलेज स्वस्त राहत नाही. सरकारची कॉलेज स्कोअरकार्ड नावाची साइट आहे, फुकट. त्यावर खर्च, डिग्री पूर्ण करणारे, नंतरचा पगार असं सगळं दिसतं. रँकिंगच्या यादीवर एक संध्याकाळ घालवण्यापेक्षा त्या साइटवर अर्धा तास बसा.

आता पैसे. कॅल स्टेटची वर्षाची ट्यूशन २०२५-२६ मध्ये साधारण साडेसहा हजार डॉलर होती, वर कॅम्पसची फी. मूल घरी राहून सान होजे किंवा ईस्ट बेला गेलं तर मोठा खर्च तेवढाच. यूसीला कॅम्पसवर राहायचं म्हटलं की सगळं धरून वर्षाला चाळीस हजारांच्या पुढे. आणि कम्युनिटी कॉलेज? फ्रीमाँटच्या ओलोनीमध्ये एका युनिटला ४६ डॉलर. दोन वर्षांचे ६० युनिट धरले तर २,७६० डॉलर. दोन वर्षांचे! आपल्या मुलांच्या एखाद्या समर कॅम्पची फीसुद्धा याच्या जवळ जाते.

इथे थोडं थांबते, कारण आपल्या लोकांना हा रस्ता माहीत असतो पण त्यावर जायला संकोच वाटतो. कम्युनिटी कॉलेजात अर्जदाराला नाकारत नाहीत, हायस्कूल पूर्ण केलेल्या प्रत्येकाला प्रवेश आहे. आणि तिथून पुढे जायला कागदावर लिहिलेली हमी मिळते. टॅग म्हणतात तिला. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा यूसी कॅम्पसपैकी कोणत्याही एकासाठी ती मागता येते. ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए पूर्ण केला की प्रवेश नक्की. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरच्या आतच भरावा लागतो, म्हणजे ज्यांचं मूल सध्या डी अँझा किंवा फूटहिलमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे, त्यांच्यासाठी हाच महिना. काही मेजरना, विशेषतः इंजिनिअरिंगमधल्या, काही कॅम्पसवर टॅग नाही. बर्कली आणि यूसीएलए टॅगमध्ये नाहीत, पण कम्युनिटी कॉलेजातून दरवर्षी तिथेही मुलं जातातच. कॅल स्टेटसाठी वेगळी सोय आहे: असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर घेतली की कुठल्या ना कुठल्या कॅल स्टेट कॅम्पसवर जागा मिळण्याची हमी.

या रस्त्यावर मुलं अडकतात ती विषय चुकल्यामुळे. कम्युनिटी कॉलेजातला कुठला वर्ग यूसीच्या कुठल्या वर्गासारखा धरला जातो, हे असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर कॉलेज आणि मेजरनुसार लिहिलेलं असतं. पहिल्या सेमिस्टरच्या आधी ते पान छापून फ्रिजवर लावा आणि काउन्सेलरला भेटायला जाताना बरोबर न्या.

राज्याबाहेर जायचं असेल तर पश्चिमेकडच्या राज्यांत वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज नावाची योजना आहे. त्यात भाग घेणारी कॉलेजं, उदाहरणार्थ रीनोची नेवाडा युनिव्हर्सिटी, आपल्या मुलांकडून स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपट घेतात. जागा आणि मेजर मर्यादित असतात, म्हणून लवकर विचारा.

आता फॅफ्सा. १ ऑक्टोबरला फॉर्म उघडतो. "आमचं उत्पन्न जास्त, आम्हाला काय मिळणार" म्हणून आपल्याकडे पुष्कळ घरं तो भरतच नाहीत. भरा. कॅलिफोर्नियाची मिडल क्लास स्कॉलरशिप दोन लाख डॉलरच्या आसपास उत्पन्न असलेल्या घरांनाही मिळू शकते, पण तिच्यासाठी हा फॉर्म लागतोच, सहसा २ मार्चच्या आत. मूल इथे जन्मलेलं असेल आणि आईबाबा एच-१बी आणि एच-४ वर असतील, तरी मुलाला फॅफ्सा भरता येतो. आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरीही.

ज्यांचं मूल स्वतः एच-४ वर आहे, त्यांची गोष्ट कठीण आहे. त्यांना सरकारी मदत नाही, सरकारी कर्जही नाही. कॅलिफोर्नियात त्यांना रहिवासी फी मिळू शकते, पण २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, आणि ते नेमकं कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतं. एफ-१ वर जावं लागलं तर फीचं काय होणार, हे प्रवेश घेण्याआधी रजिस्ट्रारच्या ऑफिसात लेखी विचारून ठेवा. या घरांसाठी कमी फीचं कॉलेज म्हणजे मधेच शिक्षण न तुटण्याची सोय आहे.

शेवटचं सांगते. वर्षाला किती देऊ शकतो, हा आकडा मुलांना अर्ज भरायच्या आधी सांगा. यूसीला दर कॅम्पसमागे ८० डॉलर भरून, निबंध लिहून, मार्चमध्ये पत्र आल्यावर "हे परवडणार नाही" म्हणणं सतरा वर्षांच्या मुलाला फार लागतं. पहिल्या वर्षी मुलाच्या नावावर सरकारी कर्ज मिळतं ते साधारण साडेपाच हजार. बाकीचं आपल्या नावावर, आपल्या निवृत्तीच्या पैशातून. या रविवारी जेवण झाल्यावर टेबलावरच बसा, प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो मुलाकडूनच भरून घ्या. पगाराचा आकडा त्याला दिसेल. दिसू द्या.