मुरमाच्या वाटेने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत रांची येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून सायकलीविषयी बोलावे, हे कित्येकांना प्रसंगाला सोडून वाटेल. परंतु नोकरीनिमित्त परप्रांती आलेल्या आपल्यासारख्यांच्या जीवनाशी या विषयाचा निकटचा संबंध आहे, अशी माझी धारणा आहे. आपण बदलीवर येतो. स्टेशन, वसाहत, कचेरी, बाजार आणि आपले मंडळ या पाच स्थळांचा परिचय झाला, की गाव आपल्या ओळखीचे झाले असे मानतो. वेशीपलीकडचा मुलूख मात्र आगगाडीच्या नाही तर मोटारीच्या खिडकीतून जेवढा दिसेल तेवढाच आपल्या वाट्याला येतो. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते बहुतांशी पायी. म्हणूनच १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये गावे आणि माणसे इतक्या जवळून दिसतात. आज एवढी सवड कोणास नाही. पायी चालणे आणि मोटार यांच्या मधले साधन म्हणजे सायकल होय.

इंग्रजीत ज्याला ‘ग्रॅव्हल’ सायकलिंग म्हणतात, त्याला आपण मुरमाच्या वाटेवरचे सायकल-भ्रमण म्हणू. डांबरी सडक सोडून खडी, मुरूम आणि माती यांच्या रस्त्यांनी खेड्यापाड्यांतून दूरवर जाणे हे त्याचे स्वरूप. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे गाव आहे. तेथून सुमारे दोनशे मैलांची अशी शर्यत २००६ साली सुरू झाली आणि पुढे ती जगप्रसिद्ध झाली. तिचा मार्ग ज्या फ्लिंट हिल्समधून जातो, त्या टेकड्यांच्या पोटात चकमकीच्या दगडांचे थर आहेत. जमीन इतकी दगडाळ, की तेथे नांगर चालला नाही. आणि नांगर चालला नाही म्हणूनच गवताळ रान वाचले. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पूर्वी पसरलेल्या उंच गवताच्या रानापैकी आज चार टक्क्यांहूनही कमी उरले आहे आणि त्यातील बहुतेक याच टेकड्यांवर आहे. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. परदेशात हा छंद असा नव्याने बहरला आहे.

परंतु त्यातील ‘नवे’ कितपत नवे आहे? या सायकलींचे टायर साधारणतः अडतीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे असतात. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीचा टायर अठ्ठावीस बाय दीड इंची, म्हणजे जवळजवळ तेवढाच रुंद! खडबडीत रस्त्यावर रुंद टायर आणि बेताची हवा हवी, हे ज्ञान त्या सायकलीच्या बांधणीत आधीच होते. फरक आहे तो वजनाचा, गियरचा आणि ब्रेकचा. जुनी सायकल वीस किलोच्या आसपास भरते, नवी सुमारे दहा किलोत आटोपते. तिचे लहान गियर चढ सोसवतात आणि चकतीचे ब्रेक ओल्या उतारावरही धरतात. महाग यंत्राची मात्र सक्ती नाही. दहा-पंधरा मैलांच्या फेरीस घरातील कोणतीही धडधाकट सायकल चालते.

आणि त्यासाठी आपल्या दारचा मुलूख कसा आहे, तेही पाहा. रांचीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. हे पठार सपाट नव्हे. लाटांसारखे वर-खाली होत जाणारे आहे. उंचवट्यावरच्या कोरड्या जमिनीला येथील शेतकरी ‘टाँड’ म्हणतो आणि खोलगट भातखाचरांना ‘दोन’. सायकलस्वाराला हा भेद शिकवावा लागत नाही. मांड्या भरून आल्या की टाँड आले, कानाशी वारा गुणगुणू लागला की दोन! मोटारीतून हा चढउतार जाणवतही नाही. तांबड्या मुरमाच्या वाटेने साल वृक्षांच्या सावलीतून जाताना गावाजवळ जुन्या झाडांची एखादी राखलेली राई लागते. ते ‘सरना’ होय, ग्रामदेवतेचे स्थान. आपल्याकडच्या देवराईचीच ती बहीण. मुंडांच्या गावी मोठमोठ्या शिळा मांडलेल्या दिसतात. तो पूर्वजांच्या अस्थींवर रचलेला ‘ससनदिरी’. तेथे पायउतार होऊन पुढे जावे. वाटेत भेटणारा वृद्ध ‘जोहार’ म्हणतो. एकनाथांच्या आणि चोखोबांच्या रचनांतून मराठी कानांना परिचित झालेला हा शब्द एवढ्या दूर ऐकला, की परकेपणाचा अर्धा भार तेथेच उतरतो.

या वाटांवर सायकल चालविण्याची थोडी रीत आहे. मूठ सैल ठेवावी. हँडल आवळून धरले तर प्रत्येक खडा खांद्यापर्यंत पोहोचतो. चढावर बसूनच पायडल मारावे, म्हणजे मागच्या चाकावर भार राहून ते घसरत नाही. वळणावर ब्रेक दाबू नये. वेग आधीच उतरवावा. पंक्चरचे सामान, हवेचा पंप आणि पाणी जवळ असावे. पावसाळ्यात चिखल चाकांत भरून खोळंबा होतो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. चैत्रात ऊन चढण्यापूर्वी परतावे, पण पहाटे महुआची फुले वेचणाऱ्या बायका पाहण्यासाठी एकदा तरी अवश्य जावे.

इथवर आनंदाचा भाग झाला. आता एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे मला आवश्यक वाटते. याच जिल्ह्यांच्या रस्त्यांवर आपल्याला दुसरा सायकलस्वार भेटतो. त्याला ‘स्वार’ म्हणणेही चूक, कारण तो सायकल ढकलत असतो. तिच्यावर दोन-अडीचशे किलो दगडी कोळशाची पोती लादलेली असतात आणि रामगढकडून रांचीकडे येणारा घाट तो पायी चढत असतो. आपण हौसेने घाम गाळतो. तो पोटासाठी गाळतो. त्याच्या शेजारून आपली हलकी सायकल भरधाव नेताना मान खाली जाते आणि ती जावी हेच योग्य. त्याला वाट द्यावी, राम राम करावा. त्याच्या कष्टाचे छायाचित्र मात्र काढू नये.

तसेच, कच्चा रस्ता आपल्याला रम्य वाटला तरी तो गावकऱ्याला रम्य नसतो. अडलेल्या बाळंतिणीला चार मैलांवरच्या दवाखान्यात नेताना त्याच मुरमाचे हादरे असह्य होतात. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आदिवासी भागात अडीचशे वस्तीच्या पाड्यांपर्यंत बारमाही रस्ता नेण्याचे योजिले, ते याचसाठी. आपली आवडती वाट पुढच्या वर्षी डांबरी झालेली आढळली, तर हळहळू नये. गावाचे अभिनंदन करावे. शेताच्या बांधांच्या आणि रानातल्या वाटा आपल्या हौसेला पुरून उरतील. सायकलीचे खरे सामर्थ्य तर शेजारच्या बिहारने दाखविले. तेथे २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देण्यास आरंभ झाला. पुढे झालेल्या अभ्यासात त्या वयाच्या मुलींचे शाळाप्रवेश सुमारे बत्तीस टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. शाळा जवळ आली नाही, तरी अंतर कमी झाले.

तेव्हा माझी सूचना एवढीच आहे. मंडळाने येत्या हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी सायकल-फेरी काढावी. पंधरा मैलांहून अधिक नको. दहा-बारा जणांहून अधिक नकोत. मुलामुलींना बरोबर घ्यावे. आठवडी बाजार लागेल तेथे थांबावे, भाजी तेथेच घ्यावी आणि घासाघीस न करता घ्यावी. प्रत्येकाने स्थानिक बोलीतले पाच शब्द शिकून यावे. गणेशोत्सव, नाटक आणि दिवाळी अंक यांनी आपल्याला पन्नास वर्षे मराठी ठेवले. त्याबद्दल आपण आपल्या पूर्वसूरींचे ऋणी आहोत. ज्या भूमीने तेवढाच काळ आपल्याला अन्न दिले, तिची ओळख करून घेण्याचे ऋण मात्र अजून फिटावयाचे आहे. ते फेडण्यास दोन चाके पुरेशी आहेत.