पाळणाघराची पावती

(उदगीर येथे नोकरदार पालकांच्या एकत्रीकरणात एका करसल्लागाराने केलेल्या भाषणाचा हा संपादित अंश.)



भाषण करणे हा माझा व्यवसाय नाही. मी याच शहरात लोकांची आयकर विवरणपत्रे भरतो. जुलै महिना आला की शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका आणि व्यापारी आपापल्या कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एक शिक्षिका भगिनी आल्या होत्या. विम्याचे हप्ते, भविष्य निर्वाह निधी, गृहकर्जाचे व्याज असे सारे कागद त्यांनी नीट लावले होते. सर्वांत खाली पाळणाघराच्या बारा पावत्या होत्या. त्यांनी विचारले, "सर, ह्या कुठं बसतात?" मी म्हणालो, "ताई, ह्या कुठंच बसत नाहीत." त्यांनी त्या पावत्या मुकाट्याने पिशवीत परत ठेवल्या.

त्यांच्या मागोमाग मोंढ्यातले एक आडत व्यापारी आले. त्यांच्या खर्चाच्या यादीत मुनिमाचा पगार होता, हमाली होती आणि गोदामाच्या राखणदाराचे वेतनही होते. ते सर्व मी क्षणाचाही विलंब न लावता खर्चात धरले, कारण कायदाच तसा आहे. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. तुरीची पोती राखणाऱ्याचा पगार खर्चात बसतो आणि लेकरू राखणारीचा बसत नाही, हा कोणता हिशेब?

खर्च संसाराचा की कमाईचा?

कायद्याचे तर्कशास्त्र असे, की व्यवसायासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो, घरगुती खर्च होत नाही. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. परंतु दोन वर्षांच्या मुलाला सांभाळणारे कोणी नसेल, तर ती शिक्षिका शाळेत जाऊच शकत नाही. मग हा खर्च केवळ घरगुती कसा?

मुलांसाठी कायद्यात काहीच नाही असे नव्हे. जुन्या करप्रणालीत दोन अपत्यांच्या शिकवणी शुल्काला कलम ८० क खाली वजावट मिळत आली. तिच्यात बालवाडीचे शुल्कही धरले गेले. पण विमा, निधी, गृहकर्जाचे मुद्दल या सर्वांसह तिची एकत्रित मर्यादा दीड लाखाची, आणि पाळणाघर हे शिक्षण नसल्यामुळे ते तिच्या बाहेरच राहिले. २०२० साली आलेल्या नव्या प्रणालीत तर हीदेखील वजावट नाही. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ साली नवा आयकर कायदा संमत केला. त्यातही पाळणाघराच्या शुल्कासाठी स्वतंत्र स्थान निर्माण झाले नाही.

स्त्रियांना करसवलत देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. काही वर्षे आयकरात महिलांसाठी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा पुरुषांपेक्षा अधिक होती. २०१२-१३ पासून तो भेद संपला. महाराष्ट्राने २०२३ साली महिलांच्या व्यवसाय करासाठी मासिक वेतनाची मर्यादा १०,००० रुपयांवरून २५,००० रुपयांवर नेली. त्यामुळे एखाद्या परिचारिकेचे वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत वाचतात. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र ही सवलत स्त्री म्हणून मिळते. कडेवरच्या मुलाचा विचार तिच्यात नाही.

वजावट पुरेशी आहे का?

आता मी माझ्याच मागणीची उलटतपासणी करतो. समजा, पाळणाघराचे शुल्क महिना २,००० रुपये आहे. वर्षाचे झाले २४,०००. ही रक्कम उत्पन्नातून वजा करू दिली, तर ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे उपकरासह ७,४८८ रुपये वाचतील. पाच टक्के दर असणाऱ्याचे वाचतील १,२४८. आणि ज्या भगिनीला करच लागत नाही, तिला? शून्य. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतचे सर्वसाधारण उत्पन्न करमुक्त केले, याचा आपल्या सर्वांनाच आनंद आहे. परंतु त्याचाच अर्थ असा, की उदगीरमधील बहुसंख्य नोकरदार कुटुंबांना नुसत्या वजावटीचा लाभ होणार नाही. डाळ मिलमध्ये मजुरीला जाणाऱ्या भगिनीला तर मुळीच नाही.

म्हणून सवलतीचे स्वरूप बदलावे लागेल. ब्रिटनने २०१७ पासून एक पद्धत स्वीकारली. पालकांनी मुलाच्या खात्यात ८ पौंड भरले की सरकार त्यात २ पौंड घालते. एका मुलामागे वर्षाला साधारणतः २,००० पौंडांपर्यंत. हे पैसे नोंदणीकृत पाळणाघरालाच देता येतात. कर किती भरला यापेक्षा मुलासाठी खर्च किती केला, याला तेथे महत्त्व आहे. आपल्या परिस्थितीला अनुरूप असे काही आपल्याला का करता येऊ नये? ज्याला कर लागतो त्याच्या करातून ही रक्कम वळती व्हावी. ज्याला लागत नाही त्याच्या बँक खात्यात ती जमा व्हावी.

यासाठी परदेशाकडेच पाहिले पाहिजे असेही नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक सुंदर तरतूद होती. कामावर आलेल्या स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकीच एकीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि तिला मजुरीही द्यावी. माती उचलणारी आणि लेकरे सांभाळणारी, दोघींची नोंद एकाच हजेरीपटावर! जे रोजगार हमीच्या खडीवर मान्य झाले, ते करकायद्यात अमान्य का असावे?

आजी असताना पाळणाघर कशाला?

हा प्रश्न आपल्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. आजीच्या मांडीला पर्याय नाही. जी माता स्वेच्छेने घरी राहून मुलांचे संगोपन करते, तिचा त्यागही वंदनीय आहे. परंतु आज उदगीरमध्ये नोकरी करणाऱ्या अनेकांचे आईवडील देवणी-जळकोटकडच्या गावी शेती आणि गुरे सोडून येऊ शकत नाहीत. अशा घरातील सून नोकरी सोडते, तेव्हा तो पुष्कळदा निर्णय नसतो, नाइलाज असतो.

आणि लहान मुलांना एकत्र सांभाळणे ही परकी कल्पना नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या परिसरात, अंगणात, झाडाखाली त्यांनी बालशिक्षण रुजवले. आज देशभर परिचित असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या मातीशी जोडलेला आहे. मात्र अंगणवाडी काही तासच चालते आणि आईची नोकरी सायंकाळपर्यंत. ही दरी भरण्यासाठी २०२२ पासून केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचा मार्ग खुला झाला आहे.

आपण काय करावे?

शासनाकडे मागणी करताना आपलेही कर्तव्य विसरू नये. २०१७ च्या सुधारित कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले. आपल्याकडील पुष्कळ गिरण्या, दुकाने आणि पतसंस्था त्या संख्येच्या आतल्या आहेत. चार-पाच आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवले, तर कोणालाच भार होणार नाही. दुसरी गोष्ट, पाळणाघर नोंदणीकृत असावे आणि त्याने रीतसर पावती द्यावी. उद्या सवलत मिळाली तरी ती पावतीवरच मिळेल. शिवाय मुलांची सुरक्षितता आणि सांभाळणाऱ्या ताईंचे न्याय्य वेतनही त्या नोंदीतूनच साधेल. तिसरी गोष्ट, आपल्या लोकप्रतिनिधीला प्रत्येकाने एक पत्र लिहावे. अर्थसंकल्पापूर्वी व्यापारी संघटना निवेदने देतात. पालकांचे निवेदन कोणी दिलेले मी तरी पाहिलेले नाही.

त्या शिक्षिका भगिनी नंतर माझ्याकडे आल्या नाहीत. त्यांनी नोकरी सोडल्याचे कानावर आले. एका शाळेने चांगली शिक्षिका गमावली, एका घराने एक पगार गमावला. माझ्या एका वाक्याने हे घडले नाही, हे मी जाणतो. तरीही ते वाक्य पुन्हा कोणाला ऐकवण्याची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. ती पूर्ण करणे आपल्या हाती आहे.