खिशांतील यंत्र आणि माणसाचा आवाज

किर्लोस्कर नाटक मंडळींतील विख्यात गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं निवर्तले. त्यांच्या गळ्याची कीर्ति महाराष्ट्रांत घरोघर पसरली होती. परंतु त्या गळ्याची तबकडी निघाली नाहीं. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाचें सामान घेऊन कलकत्त्यास उतरले ते १९०२ सालीं. गौहरजान प्रभृति कलावंतांचीं गाणीं त्यांनीं तबकड्यांवर उतरून घेतलीं. पुरतीं दोन वर्षेंहि नव्हेत, एवढेंच काय तें अंतर! तेवढ्या अंतरानें एक थोर आवाज तबकडीवर यावयाचा राहून गेला.

त्या काळीं ध्वनिमुद्रण हा मोठाच खटाटोप असे. मायक्रोफोन त्या कामीं लागला नव्हता. गायकानें भोंग्यासमोर तोंड नेऊन खड्या आवाजांत गावें आणि तीन-चार मिनिटांत सारें आटोपावें, अशी रीत होती. आज स्मार्टफोन व टॅब्लेट हीं यंत्रें घरोघर आलीं आहेत. यंत्र कोठून आणावें हा प्रश्न उरला नाहीं. उरला आहे तो निराळाच. ज्याची उपजीविका आवाजावर आहे, अशा निवेदकास किंवा श्राव्य पुस्तकें वाचणाऱ्यास हें खिशांतील यंत्र पुरें पडेल काय? याचें उत्तर "पडेल" असेंच आहे. मात्र यंत्राचें उणें मालकाच्या दक्षतेनें भरून निघालें पाहिजे.

फोनमधील मायक्रोफोन जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा असतो. तो सर्व दिशांनीं सारखेंच ऐकतो. समोरचा वाचक कोण आणि मागचा पंखा कोणता, हा विवेक त्यास नाहीं. पंखा बंद करतां येतो, स्वयंपाकघरांतील शिटी थांबवितां येते. परंतु भिंतींवरून परत येणारा प्रतिध्वनि बंद करतां येत नाहीं, आणि एकदां आवाजांत मिसळला म्हणजे मागाहून पुरता धुऊन काढणें अवघड असतें. म्हणून मोकळा दिवाणखाना व उघडी फरशी हीं या कामास सर्वांत वाईट. कपड्यांनीं भरलेलें उघडें कपाट, गाद्या आणि दोरीवर टाकलेल्या जाड गोधड्या यांच्यामध्यें बसलेल्या वाचकाचा आवाज भरीव व स्वच्छ येतो. २०२० सालच्या टाळेबंदींत देशोदेशींच्या कित्येक निवेदकांनीं कपाटांत बसून आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन कामें पुरीं केलीं, तीं याच तत्त्वावर.

दुसरी गोष्ट अंतराची. तोंड आणि फोन यांमध्यें सुमारें एक वीत अंतर असावें. अंतर निम्मे केलें कीं मूळ आवाज सहा डेसिबलनें वाढतो, आणि खोलीचा प्रतिध्वनि जवळजवळ होता तेवढाच राहतो; जवळ बसण्याचा लाभ तो हाच. परंतु फारच जवळ गेल्यास प, फ, भ या अक्षरांबरोबर सुटणारा वाऱ्याचा झोत यंत्रावर आदळतो व धप्प असा आवाज उठतो. मराठींत महाप्राण अक्षरें पदोपदीं येतात; तेव्हां फोन नीट तोंडासमोर न ठेवतां किंचित् बाजूस ठेवावा. तो हातांतहि धरूं नये, कारण बोटांची हालचाल ऐकूं येते. चार पुस्तकांवर घडी केलेला पंचा ठेवून त्यावर तो उभा करावा. बोलण्याचें छिद्र बहुधा खालच्या कडेस असतें. तें झांकलें जाऊं नये.

तिसरी गोष्ट फोनच्या फाजील मदतीची. हें यंत्र मूळचें संभाषणासाठीं घडविलेलें. हळू आवाज आपणहून चढवावा आणि गोंगाट वाटेल तो दाबून टाकावा, अशी त्यास शिकवण असते. संभाषणांत हें उपयोगी. वाचनांत मात्र वाक्याच्या शेवटचीं अक्षरें गिळलीं जातात आणि विरामाच्या जागीं आवाज मेल्यासारखा वाटतो. ही मदत बंद करतां येईल असें ॲप निवडावें. ध्वनि संक्षिप्त न करतां "वेव्ह" स्वरूपांत ठेवावा. सेकंदास ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुना १६ बिटांचा, या मानानें एका मिनिटास सुमारें पांच मेगाबाइट जागा लागते. ती खुशाल द्यावी.

व्यवसायांतील कसोटीहि ठरलेली आहे. श्राव्य पुस्तकें स्वीकारणाऱ्या एसीएक्स या संस्थेचा नियम असा : यंत्राची कमाल मर्यादा शून्य मानल्यास आवाजाचें शिखर उणें ३ डेसिबलच्या वर जाऊं नये, सरासरी उणें २३ ते उणें १८ यांमध्यें असावी, आणि वाचक गप्प असतांना उरणारा गोंगाट उणें ६० च्या खालीं असावा. म्हणून कामास बसण्यापूर्वीं दहा सेकंद केवळ शांतता मुद्रित करावी आणि ती कानांस श्रवणयंत्र, म्हणजे हेडफोन, लावून ऐकावी. खोलीचे सर्व दोष तेथेंच कळतात. येणारे फोन बंद ठेवावे, आणि काम संपतांच मुद्रणाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. फोन हरवला तर आवाजहि हरवतो.

या साधनास मर्यादा आहेत. तंबोऱ्यासह गायन असो, चार पात्रांचा संवाद असो, अथवा नाजूक आवाज असो, तेथें फोनला निराळा मायक्रोफोन जोडावा, किंवा सरळ जाणत्याच्या ध्वनिमुद्रणगृहाची वाट धरावी. त्या घराची थोरवी किमती यंत्रांइतकीच तेथील शांततेंत असते. आणि त्या शांततेचा कांहीं अंश गरिबाच्या खोलींतहि निर्माण करतां येतो.

व्यावसायिकाची ही शिस्त घरांतहि उपयोगी आहे. जात्यावरच्या ओव्या ज्यांस मुखोद्गत आहेत अशा आजीबाई अजून कित्येक घरांत आहेत. गांवोगांवच्या बोलीहि त्यांच्याच ओठीं आहेत. नातवंडांच्या हातीं यंत्र आहे, पण तें बहुधा चालू पंख्याखालीं आणि चार हातांवर धरलेलें. भाऊरावांची तबकडी निघाली नाहीं, त्याचा दोष त्यांच्या समकालीनांस देतां येत नाहीं. तबकड्या मुद्रित करणारें सामान तोंवर येथें आलें नव्हतें. आजच्या घरास ती सबब नाहीं. पंखा बंद करावा, गोधडी टांगावी, फोन एका वितीवर ठेवावा, आणि आजीबाईंस सावकाश गाऊं द्यावें.