दोन पावले, एक ताल
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंगळवार पेठेत भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाची मिस्सा, मिरवणूक व सहभोजन ह्यांविषयी आपल्या समितीत एकमत झाले. मतभेद झाला तो एकाच कलमावर. रात्री जोडीने नाचण्याचा कार्यक्रम, ज्यास आपण बॉलडान्स म्हणतो, तो असावा की नसावा? तरुण म्हणतात, त्यावाचून महोत्सव कसला? कित्येक वडीलधारे म्हणतात, देवळाच्या छायेत हे शोभत नाही. निर्णय आमच्यावर सोपविण्यात आला आहे. तो सांगण्यापूर्वी, ह्या नृत्याने दोनशे वर्षांहून अधिक काळ माणसाचे मन कशाने धरून ठेवले, ह्याचा आपण मिळून थोडा विचार करू.

आक्षेप नवा नाही. ऑस्ट्रिया व बव्हेरिया येथील खेडुतांच्या गिरक्यांच्या नाचातून वॉल्ट्झ निघाला आणि १८१४-१५ साली व्हिएन्ना येथे राजेरजवाड्यांची परिषद भरली तेव्हा तो युरोपभर पसरला. १८१६ साली लंडनच्या दरबारी मेजवानीत तो नाचला गेला, तेव्हा तेथील वृत्तपत्राने गहजब केला. पूर्वीच्या दरबारी नाचांत बहुधा हाताला हात लागे, तेवढाच. येथे स्त्री व पुरुष समोरासमोर, एकमेकांस धरून नाचू लागली. १९१४ साली रोमच्या कार्डिनल व्हिकरांनी टँगो नाचाचा निषेध केला. आणि १७ डिसेंबर २०१४ रोजी, पोप फ्रान्सिस ह्यांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवशी, संत पेत्राच्या चौकापाशी लोकांनी त्यांच्यासाठी तोच टँगो नाचून दाखविला. तारुण्यात त्यांनाही तो प्रिय होता. ह्या शंभर वर्षांत नीतितत्त्व बदलले नाही. बदलला तो नाचाचा परिचय.

संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांनी १६०९ साली प्रसिद्ध केलेल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात नाचाचा प्रश्न सोडविला आहे. त्यांच्या मताचा आशय असा, की नाच स्वभावतः ना पुण्य ना पाप. वेळ, रीत व मनाची ओढ ह्यांवरून तो कसा ते ठरते. म्हणून त्यांनी सावध राहावयास सांगितले, सरसकट बंदी सांगितली नाही. दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचला, हे तर आपण सर्व जाणता.

आता ह्या नृत्याची रीत पाहा. सर्व जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सभागृहाला फेरी घालतात, म्हणजे कोणी कोणावर आदळत नाही. पुरुष पुढे पाऊल टाकतो तेव्हा बहुधा स्त्री मागे टाकते. तिला मागचे दिसत नाही. ती विश्वासाने पाऊल टाकते. म्हणून वाट पाहण्याची जबाबदारी त्याची. ओढण्यास वा ढकलण्यास तेथे स्थान नाही. अंगाच्या नुसत्या कलाने सूचना द्यावयाची असते. एकाने घाई केली तर दोघेही चुकतात. नाचापूर्वी विनंती, नकार आल्यास तो हसून स्वीकारणे, नाच संपताच भगिनीस तिच्या जागी नेऊन पोहोचविणे, ही सारी ह्या विद्येची अंगेच होत. आमच्या मते तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य हेच. धरणे आणि आवरणे ही दोन्ही एकाच क्षणी शिकविणाऱ्या विद्या थोड्या.

कोल्हापूरकरांस हे परके वाटू नये. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान आपल्यापासून दूर नाही. तेथे मल्ल माती कपाळी लावतो, प्रतिस्पर्ध्यास हात देतो, मग भिडतो. अंगाला अंग भिडते, तरी कोणी त्यास बेशिस्त म्हणत नाही. कारण तेथे वस्तादाचा डोळा आहे व हजारो लोकांची दृष्टी आहे. नाचालाही असाच डोळा हवा.

आपल्यातील पुष्कळ कुटुंबे आजरा, सावंतवाडी वा गोवे येथून आली. गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात युरोपीय नाच पाहिला आणि त्यातून आपला मांडो घडविला. कुडतरीच्या आर्नाल्दो द मेनेझिस ह्यांच्यासारख्यांनी त्यास गीते दिली. व्हायोलिनसोबत घुमट आले, हातात पंखा आला. स्त्रीपुरुष दोन रांगांत समोरासमोर येतात, जवळ येतात व स्पर्शावाचून मागे सरतात. परक्याचे घेऊन त्यास आपली मर्यादा कशी द्यावी, ह्याचा तो नमुना होय.

आणि ते वाजविणारे कोठे शिकले? चर्चच्या शाळांत. ज्या गुरुजींनी मिस्सेच्या गायनासाठी मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले, त्यांचेच शिष्य पुढे मुंबईच्या हॉटेलांत व चित्रपटांत वाजवू लागले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, ज्यांस लोक चिक चॉकलेट म्हणत, त्यांनी १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटासाठी सी. रामचंद्र ह्यांच्यासह काम केले. बॉलरूमचा ताल अशा रीतीने मराठी घराघरांत आला. देवळातील गायन व सभागृहातील नाच ही अशी एका गुरूची दोन मुले होत.

त्यांना काळवेळही ठाऊक आहे. व्हिएन्नाच्या संगीतगृहातील प्रसिद्ध नृत्य राखेच्या बुधवारापूर्वीच्या गुरुवारी होते. पणजीच्या क्लब नासियोनालचे तांबड्या-काळ्या पोशाखातील नृत्य कार्निव्हालच्या अखेरच्या दिवशी होते. त्यानंतर प्रायश्चित्तकाळ. थांबावे केव्हा हे ज्यास कळते, त्यासच आनंद शोभतो.

येथे आम्हांस एक कबुली देणे भाग आहे. गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. कोकणातील एका खेड्यात, लग्नाच्या रात्री, आम्ही मांडवात शिरलो आणि वाद्ये बंद करविली. कोणी काही गैर करीत नव्हते. आमचे वय तेवढे कडक होते. एक वृद्ध दांपत्य नुकतेच उठून उभे राहिले होते. ते निमूटपणे बसले. निघताना आजी जवळ आल्या व म्हणाल्या, "फादर, चुकलो असू तर क्षमा करा. पण चारचौघांत ह्यांचा हात धरायला आम्हांला एवढाच दिवस मिळतो." पुढच्या पावसाळ्यात त्या आजोबांना मूठमाती आम्हीच दिली. कबरीपाशी आजी एकट्या उभ्या होत्या, आणि प्रार्थना म्हणताना त्यांच्या मोकळ्या हाताकडे पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

तेव्हा निर्णय ऐका. नाच होईल. दिवे पूर्ण लावलेले असतील, मद्य नसेल, आणि दहाच्या ठोक्यास वाद्ये थांबतील. पहिला वॉल्ट्झ ज्यांच्या विवाहास पन्नास वर्षे झाली त्यांचा. तोवर तरुणांनी कडेला उभे राहून टाळ्या द्याव्या. एक मांडो अवश्य व्हावा. आणि ज्या भगिनींचा जोडीदार देवाघरी गेला आहे, त्यांतील एकही भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून राहता कामा नये. नातवांनी, पुतण्यांनी अदबीने जाऊन विनंती करावी. त्या नाही म्हणाल्या तर शेजारी बसून दोन शब्द बोलावे.

ज्या वडीलधाऱ्यांस हे रुचले नसेल, त्यांना आमची विनंती एवढीच, की घरी जाऊ नका. येथेच बसा. आपला डोळा हाच ह्या नाचाचा वस्ताद आहे.

असो. कानाच्या लग्नात यजमानाची लाज राखणारा प्रभू आपल्या ह्या आनंदातही उपस्थित राहो, आणि आपल्या घराघरांतील दोन पावलांचा ताल तो अखेरपर्यंत एक राखो. आमेन.