परंपरा कोणाची?

अमेरिकेच्या नैऋत्य भागातील नाव्हाहो विणकर स्त्रियांनी नवी नक्षी काढली की ‘ही अस्सल परंपरा नव्हे’ असे म्हटले जाते. इतिहासाची साक्ष काय आहे? उभा माग त्यांच्या समाजाने शेजारच्या प्वेब्लो लोकांकडून घेतला. मेंढ्या स्पॅनिश वसाहतवाल्यांबरोबर आल्या. १८६४ साली अमेरिकी लष्कराने या समाजाला बोस्क रेदोंदो येथे डांबले. १८६८ च्या तहानंतर तो मायभूमीत परतला आणि त्याची गाठ पडली व्यापाऱ्यांशी. त्यांनी पांघरायच्या घोंगडीचा गोऱ्यांच्या दिवाणखान्यातील गालिचा केला. कित्येकदा तो वजनावर विकत घेतला. गॅनाडोचे व्यापारी हबेल यांनी तर पसंतीच्या नक्षींची चित्रे दुकानात टांगली होती. आज जिला अस्सल म्हणतात, त्या परंपरेचा मोठा भाग असा गिऱ्हाइकाच्या मागणीतून घडला आहे.

मेलिसा कोडी आज त्याच उभ्या मागावर व्हिडिओ गेमच्या चित्रांचा ठसा असलेली वस्त्रे विणतात. परके ते आत्मसात करून आपले करणे, हीच तर तेथील जुनी रीत! नक्षी आणि मोल ठरविण्याचा अधिकार विणणारीच्या हाती आला पाहिजे. तो नसेल, तर परंपरेचे गुणगान म्हणजे तिच्या श्रमावर मारलेला व्यापाऱ्याचा शिक्काच होय.