रंगाचा फवारा आणि हवेची वाट

अमेरिकेतील टोलेडो शहरी अ‍ॅलन डेव्हिल्बिस नावाचे एक डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषधाचे तुषार सोडणारे एक उपकरण त्यांनी सिद्ध केले आणि १८८८ साली त्याचा कारखाना काढला. पुढे १९०७ मध्ये त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी त्याच तत्त्वावर रंग उडवणारी बंदूक तयार केली. घशाच्या उपचारासाठी जन्मलेल्या साधनाचा वंशज घशालाच अपायकारक ठरावा, हा योगायोग विलक्षण खरा!

१९२४ च्या ओकलंड मोटारींवर ड्युपाँट कंपनीचा ‘ड्युको’ रंग बंदुकीने चढला, आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आज लहानसा कॉम्प्रेसर कोणीही विकत आणू शकतो. बेळगाव असो की बडोदे, मागल्या पडवीत कपाटाची दारे वा स्कूटरचे पत्रे रंगवणारा हौशी गृहस्थ आढळतोच. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून तो ताडपत्री वा प्लॅस्टिकचे पडदे चारी बाजूंनी बांधतो, फटी चिकटपट्टीने बुजवतो आणि आपला बूथ तयार झाला असे समजतो. वस्तुतः त्याने तयार केलेली असते ती एक बंद पेटी. साध्या बंदुकीतून निघालेल्या रंगापैकी निम्म्याहून अधिक रंग वस्तूवर न बसता हवेत राहतो. थिनर तर सगळाच उडून जायचा असतो. पेटीत कोंडला जातो तो हा रंग, ही वाफ, आणि त्यांच्या सोबतीला रंगवणारा.

धूळ अडवणे हे बूथचे दुय्यम काम होय. हवा एका बाजूने गाळून आत यावी, वस्तूवरून सावकाश वाहावी आणि रंगाचे कण गाळणीत सोडून घराबाहेर जावी, हे त्याचे खरे काम. या प्रवाहाचा वेग मिनिटाला सुमारे १०० फूट असावा, असा कारखान्यांतील प्रघात आहे. तीन फूट रुंद व तीन फूट उंच तोंडाच्या मेजावरील बूथला त्या हिशेबाने मिनिटाला ९०० घनफूट हवा लागते. ते साधण्याजोगे आहे. उभे कपाट मावेल असा सात फूट बाय सहा फुटांचा बूथ बांधला, तर हाच आकडा ४,२०० वर जातो. म्हणजे दहा फूट लांब, रुंद व उंच अशी खोली पंधरा सेकंदांच्या आत रिकामी व्हावयाची! तितकी हवा आत येण्यास वाट नसेल तर पंखा नुसता फिरत राहतो आणि दाराखालच्या फटीतून नेमकी धूळ ओढून घेतो. म्हणून घरगुती बूथ लहानच बरा. त्यात एकेक दार, एकेक फळी रंगवावी. हवा आत येण्याची गाळणी बाहेर जाण्याच्या गाळणीहून मोठी ठेवावी. तोंडाशी पातळ कागदाची एक पट्टी टांगावी. ती आत झुकलेली असेपर्यंत प्रवाह चालू आहे. ती सरळ लोंबू लागली की गाळणी रंगाने तुंबली असे समजून बदलावी.

पंख्याच्या बाबतीत मात्र काटकसर नडते. थिनरमधील टोल्युईन ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते, आणि हवेत ती शेकडा सव्वाच्या आसपास झाली की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेच्या तिपटीहून जड असल्याने जमिनीलगत सरपटत शेजारच्या खोलीतील शेगडीपर्यंत वा देवापुढील निरांजनापर्यंत पोचू शकते. म्हणून मोटर प्रवाहाबाहेर बसवून पंखा पट्ट्याने फिरवावा, पाती अ‍ॅल्युमिनियमची असावीत, बटण बूथपासून दूर असावे व दिवा बाहेरून काचेआडून प्रकाश देणारा असावा. बंदूक खाली ठेवल्यावरही पंखा काही वेळ चालू ठेवावा.

तोंडाला बांधलेला रुमाल वाफ मुळीच अडवीत नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्यांचा मुखवटाच हवा. मोटारींना लावतात तो दोन डब्यांतील द्रव्ये मिसळून करावयाचा पॉलियुरेथेन रंग तर घरात फवारूच नये. त्यातील आयसोसायनेटाने दमा जडतो, आणि वासाने त्याची धड सूचनाही मिळत नाही. कारखान्यात त्यासाठी कारागिराला नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवतात.

गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण उभी राहते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतील पाणी त्यावर उतरते आणि चकचकीत ड्युकोवर पांढुरकी साय धरते. पंखा ओढतो ती हवाही तीच दमट असल्याने येथे बूथ हतबल आहे. उघडिपीची वाट पाहावी, हे उत्तम.

काम आटोपल्यावर काढलेली गाळणी सुकी म्हणून कोपऱ्यात टाकण्याचा मोह होतो. नायट्रोसेल्युलोजचे व तेलरंगाचे अवशेष एकत्र साठले की ते आपोआप तापून पेटू शकतात; जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचेही तसेच. ती गाळणी पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून, झाकण घालून, त्याच संध्याकाळी घराबाहेर न्यावी.